वाचकांचे प्रश्न : सर्वेक्षणाचा व्यवसाय आणि त्याची पथ्ये

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सामाजिक संशोधन आणि छोटा व्यवसाय या एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी समाजशास्त्रात पीएच.डी. केली असून गेली सहा वर्षे कोल्हापुरातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसते. ओळखीचे विद्यार्थी प्रश्नावली तपासून घेण्यासाठी आणि सांख्यिकी समजून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. दोन सामाजिक संस्थांनी माझ्याकडून लहान सर्वेक्षणेही करून घेतली आहेत. हेच काम व्यवसाय म्हणून करावे असे वाटते. सुरुवात कोठून करावी, नोंदणी कोणती लागते आणि शुल्क किती घ्यावे? परवा एका गृहस्थांनी ‘पूर्ण प्रबंधच लिहून द्या, रक्कम तुम्ही म्हणाल ती’ असे सांगितले. मला त्याच वेळी नाही म्हणता आले नाही, याची टोचणी लागली आहे.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. त्या वेळी नकार देता आला नाही हे मनाला लावून घेऊ नका. मे महिन्यात वाण्याचे बिल समोर असताना माणसाची जीभ कशी अडखळते, हे मी जवळून पाहिले आहे. मात्र नकार आता द्या, आणि तो लेखी द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणे हेच वाङ्मयचौर्य आहे. त्या नियमांतील कोष्टक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते : इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. परंतु हे कोष्टक शब्दांच्या साम्याचे आहे. विकत घेतलेला प्रबंध सॉफ्टवेअरने निर्दोष ठरवला, तरी तो लिहिणारा हात दुसऱ्याचाच असतो, आणि एकदा असे काम केले की कोल्हापूरसारख्या शहरात ते महिनाभरही झाकून राहत नाही. त्यानंतर आपल्या सर्वेक्षणाच्या आकड्यांवर कोणतीही संस्था विश्वास ठेवणार नाही.

मग विद्यार्थ्यांसाठी करण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते. संशोधनाचा प्रश्न नेमका करणे, प्रश्नावलीतील दुहेरी (एकात दोन गोष्टी विचारणारे) आणि सूचक (उत्तर सुचवणारे) प्रश्न काढून टाकणे, नमुना म्हणजे ज्यांना विचारायचे ती माणसे कशी निवडावी हे समजावणे, संगणकावर विश्लेषण करायला शिकवणे, ध्वनिमुद्रित मुलाखती शब्दशः उतरवून देणे, संदर्भसूची नीट लावून देणे, ही सर्व कामे उघडपणे करता येतात. मी स्वतः एक कसोटी पाळत आले आहे : ज्या मदतीचा उल्लेख विद्यार्थी ऋणनिर्देशात नावानिशी करू शकेल, तेवढीच मदत पैसे घेऊन करावी. विश्लेषण आपण करून दिले आणि काय-वर्ग (कायस्क्वेअर) ही सांख्यिकी चाचणी का वापरली हे तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला सांगता आले नाही, तर आपले काम फसले असे समजावे. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून मात्र एक रुपयाही घेऊ नका, आणि बाहेरील विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकांना आपण काय मदत करत आहोत हे कळवण्याची अट पहिल्याच भेटीत घाला. जो ही अट नाकारेल, त्याला आपल्याकडून वेगळेच काही हवे आहे.

केवळ विद्यार्थ्यांवर हा व्यवसाय चालणार नाही, कारण त्यांची गर्दी प्रबंध सादर करण्याच्या तारखांभोवतीच असते. वर्षभराचे काम सामाजिक संस्था, पतसंस्था, दूध संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि उद्योग यांच्याकडून येते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये वा अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परंतु स्वतंत्र संस्थेकडून परिणामांचे मूल्यमापन करून घेण्याची सक्ती ही रक्कम सरासरी १० कोटी वा अधिक असलेल्या कंपन्यांनाच आहे, तीही १ कोटी वा अधिक खर्चाच्या आणि पूर्ण होऊन वर्ष उलटलेल्या प्रकल्पांपुरती. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील बहुतेक फौंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, ती लागू होणार नाही. त्यांच्याकडे सक्तीचा आधार घेऊन जाण्यापेक्षा ‘आपण शाळेला दिलेले संगणक आज कोणत्या स्थितीत आहेत, हे दहा दिवसांत पाहून सांगते’ असा छोटा आणि नेमका प्रस्ताव घेऊन जावे. उद्योजकाला नेमके काम लवकर समजते.

आता शुल्क. या व्यवसायात माणसे बुडतात ती येथेच, म्हणून हिशेब विस्ताराने मांडते. समजा, एका संस्थेला २०० कुटुंबांचे सर्वेक्षण हवे आहे. नीट मुलाखत घेणारा सर्वेक्षक दिवसाला ८ कुटुंबे करतो, म्हणजे २५ मनुष्यदिवस झाले. दिवसाला ८०० रुपये धरले तर २०,००० रुपये, आणि रोजचा प्रवास व चहापाणी २०० रुपये धरले तर आणखी ५,००० रुपये. दोन सर्वेक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण व पूर्वचाचणी यांचे ३,२०० रुपये. दहा टक्के कुटुंबांना पुन्हा भेटून उत्तरे पडताळायची, त्याचे तीन दिवस, ३,००० रुपये. बेरीज ३१,२०० रुपये झाली. नवखा सल्लागार या कामाचे ४०,००० रुपये सांगतो आणि खूश होतो. पण प्रश्नावली तयार करणे, देखरेख, माहितीची साफसफाई, कोष्टके आणि अहवाल यांसाठी त्याचे स्वतःचे किमान २० दिवस जातात आणि त्याच्या वाट्याला ८,८०० रुपये, म्हणजे दिवसाला ४४० रुपये उरतात. त्याने नेमलेल्या सर्वेक्षकाची कमाई त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून आपल्या दिवसाचा दर आधी ठरवावा, तो कागदावर लिहावा आणि मगच बेरीज करावी. संस्थेची ऐपत नसेल, तर दर कमी करू नये, काम कमी करावे : २०० ऐवजी १०० कुटुंबे, ४० ऐवजी १८ प्रश्न.

कुटुंबांची संख्या कमी करण्याचा विषय निघाला की लगेच कोणीतरी ‘किमान ३८४ जणांना विचारायला हवे’ म्हणून तो आकडा पुढे करतो. मोठ्या लोकसंख्येसाठी ९५ टक्के विश्वासपातळी (अंदाजावर किती भरवसा ठेवता येतो) आणि अधिक-उणे ५ टक्के त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो) धरली की तो आकडा येतो. अधिक-उणे १० टक्के त्रुटी चालणार असेल, तर ९७ पुरतात. मात्र हे गणित यादृच्छिक नमुन्याचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीचे आहे. महाद्वार रोडवर भेटतील त्या ३८४ माणसांना विचारल्याने तो नमुना जिल्ह्यातील ३८ लाख ७६ हजार लोकांच्या वतीने बोलू लागत नाही. शिवाय ही लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेची आहे, त्यामुळे निवडलेल्या गल्लीतील किंवा वाडीतील घरांची यादी आधी स्वतः फिरून करावी आणि तिच्यातून घरे निवडावीत. दोन दिवस जास्त लागतात, पण ते वाया जात नाहीत.

आणि हे सारे साधले, तरी प्रश्न कोणत्या वेळी विचारला यावर उत्तर ठरते. बऱ्याच वर्षांपूर्वी पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळावरच्या कामगारांच्या मुलाखती घेताना मी एका गुळव्याला (गूळ शिजवणाऱ्याला) रस उकळण्याच्या काहिलीजवळच गाठले. रसावर मळी येत होती, भेंडीचे चिकट पाणी घालून ती काढली जात होती, आणि त्याची नजर फावड्यावरून ओघळणाऱ्या पाकाच्या धारेवर खिळलेली होती. ‘गेल्या हंगामाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली का?’ या माझ्या प्रश्नाला त्याने ‘व्हय’ म्हटले; नंतरच्या पाच प्रश्नांनाही ‘व्हय’च म्हटले. पाक वाफ्यात ओतून झाल्यावर तो चिपाडाच्या ढिगाला टेकून बसला, तेव्हा मी तेच प्रश्न पुन्हा विचारले. सहांपैकी चार उत्तरे बदलली. उचलीचे उत्तर होते, ‘अठरा हजार ऱ्हायल्यात अजून, कुठलं फिटतंय?’ तेव्हापासून माझ्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या वेळापत्रकात मुलाखतीची वेळ हा वेगळा रकाना असतो, आणि तो भरण्यासाठी मी आधी एक दिवस नुसती जाऊन बसते. आपणही सर्वेक्षकांना हे शिकवावे. आपल्या सल्ल्याची खरी किंमत यातच आहे, कारण कोष्टके काढून देणारे आता पुष्कळ झाले आहेत.

नोंदणीचे काम सोपे आहे. एकटीनेच करणार असाल, तर एकल मालकी पुरेशी आहे. कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी यांचा विचार सोबत भागीदार आल्यावर करावा. सरकारच्या संकेतस्थळावर आधार व पॅन यांच्या साहाय्याने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करावी. ती पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे त्यासाठी शुल्क मागणाऱ्या दिखाऊ संकेतस्थळांपासून दूर राहावे. दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यावी. या दोन कागदांवर बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खाते निघते. व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे तोपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी आकारणे हा गुन्हा आहे, हे लक्षात असू द्यावे. संस्था किंवा कंपनी आपल्या शुल्कातून बहुधा १० टक्के रक्कम कापून प्राप्तिकर खात्यात भरेल. ती बुडाली असे समजू नये, विवरणपत्र भरल्यावर तिचा हिशेब होतो. साधनांवर खर्च करू नका. विश्लेषणासाठी ‘आर’ किंवा ‘जामोवी’ आणि फोनवर माहिती भरण्यासाठी ‘कोबो टूलबॉक्स’ मोफत मिळते. शेवटचे तर गगनबावड्याच्या एखाद्या वाडीत नेटवर्क नसतानाही चालते आणि त्यात मराठी प्रश्नावली नीट बसते.

प्रश्न : ताई, आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनते. वडील माल दुकानदारांना देतात, त्यात फारसे सुटत नाही. मी बी.कॉम. झालो असून स्वतः ऑनलाइन विक्री आणि एक छोटे दुकान सुरू करू इच्छितो. ‘हाताने शिवलेली अस्सल कोल्हापुरी १,८०० रुपयांना घ्याल का?’ असा फॉर्म फोनवरून फिरवला, तेव्हा ३१२ पैकी २६० जणांनी होय म्हटले. एवढ्या आधारावर मुद्रा कर्ज घ्यावे का?
— एक वाचक, सुभाषनगर

उत्तर : घेऊ नका, निदान एवढ्या आधारावर घेऊ नका. आपला उत्साह मला मोलाचा वाटतो, म्हणूनच स्पष्ट लिहिते. ‘घ्याल का?’ या प्रश्नाला आपल्याकडची माणसे भिडेखातर होय म्हणतात, आणि आपला फॉर्म मित्र, पाहुणे आणि त्यांचे मित्र यांच्यातच फिरला असणार. होय म्हणण्याला त्यांना एक पैसाही पडला नाही. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचाराव्यात : शेवटची चामडी चप्पल कधी घेतली, कोठून, कितीला, ती किती दिवस टिकली, का टाकली, घरात आज पायात कोणती आहे. असे तीस जणांशी केलेले अर्ध्या अर्ध्या तासाचे बोलणे त्या ३१२ उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. त्यांत दहा तरी बाहेरगावची माणसे असावीत, कारण अंबाबाईच्या दर्शनाला येऊन चप्पल नेणारा गिऱ्हाईक आणि कोल्हापुरात राहून ती वापरणारा गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसे आहेत.

दोन रविवार चप्पल लाइनीत एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसा. किती जण आत गेले, किती जणांनी चप्पल पायात घालून पाहिली, किती जण न घेता बाहेर पडले आणि बाहेर पडताना काय म्हणाले, एवढेच लिहा. चपलेचा अंगठा टोचतो, तिचा कान घट्ट बसतो, मापात मिळत नाही, चालताना आवाज करते की करत नाही, अशी वाक्ये आपल्याला मिळतील, आणि त्यांतील काही वाक्ये आपल्या वडिलांना चप्पल कापताना थेट उपयोगी पडतील. त्यानंतर ४० जोड तीन वेगवेगळ्या किमतींना विकून पाहा. हे सारे पावसाळ्यात करू नका. भिजली की खराब होणारी वस्तू जुलैत कोणी घेत नाही, आणि लग्नसराईतील विक्रीवरून वर्षाचा अंदाजही बांधू नका.

किंमत ठरवताना वेणी घालणारे हात घरचेच आहेत म्हणून त्यांची मजुरी सोडून देऊ नका. आई आणि काकू दिवसभर पट्ट्यांना वेण्या घालत बसतात, त्याचे दाम हिशेबात नसतील, तर मागणी वाढल्यावर बाहेरची कारागीर आणताक्षणी आपला सगळा नफा नाहीसा होईल. घरोघरच्या उद्योगांचा अभ्यास करताना ही एक चूक मला इतक्या वेळा दिसली आहे की मी प्रश्नावलीत ‘घरातील कोणी, किती तास’ हा प्रश्न सर्वांत आधी ठेवते.

कर्जाचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० आणि किशोर गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. दुसरीकडे, २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पादत्राणे बनवणाऱ्या कारागिरांचा समावेश आहे. तीत हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. मात्र मागील पाच वर्षांत मुद्रासारखे कर्ज घेऊन ते फेडलेले नसेल, तर या योजनेत प्रवेश मिळत नाही, आणि लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. म्हणून आधी वडिलांच्या नावाने ही चौकशी करावी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते आहे. आपण त्या क्षेत्रात आहात. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली की डब्यावर त्याचा उल्लेख हक्काने करता येईल. वस्तूंच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा आहे खरी, पण राज्याबाहेर ऑनलाइन माल पाठवताना ती सूट सरसकट गृहीत धरू नका. पहिला डबा रवाना होण्याआधी सनदी लेखापालांना विचारून घ्या.

प्रश्न : एका संस्थेच्या शिवणकाम प्रशिक्षणाचे मूल्यमापन मी केले. १४० महिलांपैकी ३१ जणी आज शिवणकामातून कमावत आहेत. ‘बहुसंख्य महिला स्वावलंबी झाल्या’ असे लिहा, नाहीतर राहिलेला हप्ता देता येणार नाही, असे संस्था म्हणते. मी नुकताच हा व्यवसाय सुरू केला आहे. काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ३१ च लिहा. १४० पैकी ३१ म्हणजे २२ टक्के, आणि त्याला कोणत्याही शब्दकोशात बहुसंख्य म्हणत नाहीत.

तरीही संस्थेशी भांडण उकरून काढू नका. बहुतेक वेळा संस्थेच्या माणसांना पुढच्या अनुदानाची भीती असते आणि ती खोटी नसते. त्यांच्यासमोर बसून उरलेल्या १०९ जणींची कारणे मांडा. किती जणींकडे स्वतःचे यंत्र नाही, किती जणींना तयार कपड्यांच्या दराशी टक्कर देता येत नाही, किती जणी घरच्यांचे कपडे शिवून पैसे वाचवतात पण ती कमाई म्हणून सांगत नाहीत, हे आपल्या प्रश्नावलीत असेल तर अहवालात ठळकपणे आणा. नसेल तर पंधरा घरी पुन्हा जाऊन विचारा आणि ‘नंतर घेतलेल्या मुलाखती’ म्हणून त्या वेगळ्या नोंदवा. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात यातून पुढच्या कार्यक्रमाची दिशा मिळू शकते, आणि अनुदान देणाऱ्यालाही तेच वाचायचे असते. पार्श्वभूमी, संस्थेचे म्हणणे, तिने अडचणीच्या काळात केलेले काम, हे सारे मोकळ्या मनाने लिहावे. बदलायचा नाही तो फक्त आकडा.

एवढे करूनही त्यांनी अहवाल स्वतः बदलला, तर आपले नाव त्यावरून काढण्यास लेखी सांगावे आणि मूळ कोष्टके आपल्याजवळ जपून ठेवावीत. मलाही एका संस्थेने असेच सांगितले होते. मी आकडा बदलला नाही, शेवटचा हप्ता आला नाही, आणि त्या वर्षी घरात त्याची झळ बसली. पण त्या अहवालावर माझे नाव नाही, याचे आजही मला समाधान वाटते.

पैशाच्या बाबतीत आपण अगदीच हतबल नाही. आपली उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते आणि याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. पुढच्या वेळी करारात दोन वाक्ये आधीच घाला : निष्कर्ष काय निघतात यावर शुल्क अवलंबून राहणार नाही, आणि ४० टक्के रक्कम करार करताना, ३० टक्के क्षेत्रकार्य संपल्यावर, ३० टक्के मसुदा सादर केल्यावर द्यावी. ‘मसुदा मंजूर झाल्यावर’ असे लिहू नका. तो एक शब्द बदलला की शेवटचा हप्ता समोरच्याच्या मर्जीवर जातो.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातील पूरग्रस्त कुटुंबांचा अभ्यास करण्याचे काम आमच्या तीन मैत्रिणींच्या गटाला मिळाले आहे. दारात गेलो की लोक आधार कार्ड आणि पासबुकाच्या झेरॉक्स पुढे करतात. घ्याव्यात का? नुकसानीचे आकडेही वाढवून सांगतात असे वाटते.
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : एकही झेरॉक्स घेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर त्या दारांत इतके कागद घेऊन इतकी माणसे येऊन गेली आहेत की हातात वही असलेली प्रत्येक व्यक्ती पंचनाम्यालाच आली आहे असे लोक धरून चालतात. ते खोटे बोलतात असे म्हणण्याऐवजी, ते पंचनाम्याच्या प्रश्नाचे उत्तर देतात असे म्हणणे न्यायाचे होईल. एकदा म्हैस सांगायची राहिली आणि यादीतून नाव गेले, असा अनुभव घेतलेली माणसे आहेत ती. आपण कोण आहोत हे त्यांना पटले की आकडेही जाग्यावर येतात. एकूण नुकसान विचारण्याऐवजी पाणी भिंतीला कोठवर आले होते ते हात लावून दाखवायला सांगा. मग त्या रेषेखाली काय काय होते ते एकेक करून विचारा. पिंप, शेगडी, मुलांची पुस्तके, कणगी अशी यादी होत जाते आणि बेरीज आपली आपल्याला करता येते. बहुतेक घरांत ती रेषा रंग दिल्यानंतरही ओळखू येते.

फोनवर भरलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. संशोधनाला त्यात काही सूट असली, तरी नको असलेली माहिती गोळा करण्याचा तो परवाना नव्हे. नाव आणि फोन क्रमांक एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून उत्तरांच्या फाइलमध्ये फक्त अनुक्रमांक ठेवा, घराच्या आतले फोटो काढू नका, आणि पडताळणी संपली की फोन क्रमांकांची फाइल कोणत्या तारखेला पुसणार हे करारातच लिहा.

दारात उभे राहून पहिले वाक्य काय बोलायचे, हे तिघींनी एकच ठरवा आणि घराबाहेर पडण्यापूर्वी एकमेकींसमोर म्हणून पाहा. मी असे म्हणत असे : ‘मावशी, आम्ही सरकारकडून आलेलो नाही. आमच्या वहीत नाव लिहिलं म्हणून मदत मिळणार नाही आणि नाही लिहिलं म्हणून जाणारही नाही. अर्धा तास बोलायला वेळ असेल तर बसतो, नसेल तर उद्या येतो.’ हे ऐकून काही दारे बंद होतील. ती किती बंद झाली, हेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.